पुनमच्या नावापुढचे अकरा

मंडळी, रिकामा रकाना दिसला की आपला हात शिवशिवतो. काहीतरी भरल्याशिवाय चैन पडत नाही. सुकन्याचंही तेच झालं.

लातूरच्या एका संस्थेत ती कामाला होती. रेणापूर तालुक्यातल्या नव्या सुनांचं हिमोग्लोबिन दर सहा महिन्यांनी मोजायचं, असा सात वर्षांचा अभ्यास. यंदा एका गावातल्या चाळीसपैकी नऊ जणी भेटल्याच नाहीत. साहेबांना तक्ता सोमवारी हवा. लोहाच्या सलाईनचं शिबिर कुठं घ्यायचं, ते त्यावरूनच ठरायचं. सुकन्यानं मागच्या फेरीचे आकडे उचलले अन् नऊही रकान्यांत बसवले. गाव ठणठणीत दिसू लागलं आणि शिबिराच्या यादीतून गळालं.

ते सांगायला ती गावात गेली, तर अंगणवाडीच्या मदतनीस पार्वतीबाईंनी तक्ता मागून घेतला. आपल्या सुनेच्या, पुनमच्या नावापुढं अकरा बघून त्यांनी चष्मा सावरला.

"माय, पुनम दोन महिन्यांपासून उमरीला माहेरी हाय. पहिलं बाळंतपण. तुमी तिचं रगत कव्हा काढलं?"

मागचाच आकडा धरला, तिचा अन् आणखी आठ जणींचा, असं सुकन्या कसंबसं बोलली.

"मागच्या येळी तिला नुकतेच दिवस गेले व्हते." पार्वतीबाईंनी बाकीच्या आठ नावांवरून बोट फिरवलं. त्यातल्या सहा जणीही बाळंतपणाला माहेरी गेलेल्या. "जिचं रगत उतरायचं, तीच गावात न्हाई. अन् तुमी त्यायलाच धडधाकट करून राहिल्या!"

सुकन्यानं तिथंच उमरीचा पत्ता लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ती नांदेडमार्गे उमरीला पोचली. पुनम ओट्यावर धापा टाकत बसली होती. हिमोग्लोबिन निघालं सात. दुपारच्या आत तिला नांदेडच्या दवाखान्यात हलवलं.

यादी पुन्हा करावी लागणार म्हणून साहेब चिडले, पण सुकन्यानं सगळं कबूल केलं. भरलेले नऊही आकडे खोडले अन् माहेरी गेलेल्यांच्या नावापुढं लिहिलं, 'माहेरी गेली, मोजलं नाही.' मग माहेरची गावं शोधत फिरली. पुनम धरून सात जणी सापडल्या, गाव यादीत परत आलं. उरलेल्या दोघींचा पत्ता लागला नाही, त्यांचे दोन रकाने अजून कोरेच आहेत. सुकन्याला ते बघवत नाहीत, तरी ती हात लावत नाही.

मंडळी, ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' असं लिहायला लाजू नका. अंदाजानं भरलेल्या रकान्यातल्या बाईला शोधायला कुणी जात नाही.