बंद तोंडाची टाकी

टाकीवर तरंगणाऱ्या लोखंडी ड्रमच्या गंजलेल्या अंगावर बोटभर रुंदीचा ओला पट्टा होता. पवित्रा मॅडमनी तो पट्टी लावून मोजला. ओल शेणकाल्याची होती, ताजी. म्हणजे ड्रम सकाळपासून वर आला होता. आत गॅस धरला होता.

धरायला नको होता. कोडोलीतल्या या गोबरगॅसच्या टाकीत साफसफाईला उतरलेले आकाराम गुदमरून गेले, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हाच शेण टाकायचं तोंड सिमेंटनं बंद केलं होतं. मॅडम कोल्हापूरहून बी.एस्सी.ची पोरं घेऊन आल्या होत्या त्या ही मेलेली टाकी पुन्हा चालू करून दाखवायला. पहिलं मोजमाप शून्य येणार, असं त्यांनी वर्गात सांगूनही ठेवलं होतं.

"मॅडम, शून्य फुगलंय की," पोरांतला वीरेश म्हणाला. कुणी हसलं नाही.

आकारामांच्या बायकोला, तानाबाईंना, यात नवल वाटत नव्हतं. त्या रोज त्याच गॅसवर चहा करायच्या आणि कप घेऊन टाकीच्या कट्ट्यावर नवऱ्याशी बोलत बसायच्या. खड्डा बुजवून गोठा बांधू या, असा लेकाचा, जोतीरामचा, धोशा होता. त्या नुसतं "बघू" म्हणायच्या.

सिमेंटला चीर नव्हती. नळीत खोट नव्हती. सगळं तपासून झाल्यावर मॅडमनी उरलेली एकच गोष्ट बदलून बघितली. तानाबाईंना हातकणंगल्याला लेकीकडं धाडलं.

त्या गेल्या आणि ड्रम बसला तो बसलाच. पोरं रोज येऊन बघायची. केसभर हालचाल नाही. आठवड्यानं तानाबाई परतल्या, कट्ट्यावर टेकल्या, म्हणाल्या, "आलो बगा." आणि भर दुपारी, सगळ्यांदेखत, ड्रम कुरकुरत वर यायला लागला.

वीरेश चार पावलं मागं सरला.

"बाई, काय निघालं वो तुमच्या परयोगात?" तानाबाईंनी मॅडमना विचारलं.

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. मॅडमना ते जमलं नाही. "तुम्ही नसलात की हा वर येत नाही. असलात की येतो. का, ते मला सापडलं नाही."

तानाबाईंनी ड्रमवर तळवा ठेवला. "म्हंजे मी बोलवतोय म्हणून ते हितंच अडकून पडल्यात व्हय?"

ड्रमची कुरकुर थांबली होती.

बऱ्याच वेळानं तानाबाईंनी हात काढून घेतला, पदराला पुसला आणि घराकडं तोंड करून ओरडल्या,

"जोत्या, बुजीव रं त्यो खड्डा!"