जज्जसाहेबांची रजेवर गेलेली जीभ

जज्जसाहेबांनी उभ्या जन्मात कोर्टाची पायरी चढली नव्हती. एका मोठ्या चहाच्या कंपनीत ते चहा चाखायच्या नोकरीला होते. लांबलचक टेबल, त्यावर एका ओळीत साठ-सत्तर पांढरे कप. साहेब चमचाभर चहा उचलणार, असा भुरका मारणार की शेजारच्या खोलीतल्या टायपिस्टबाईंची ओळ चुकावी, तोंडात घोळवून पिकदाणीत थुंकणार आणि निकाल देणार. त्या निकालावर अपील नसे, म्हणून ते जज्जसाहेब.

त्यांच्या जिभेच्या गोष्टी कंपनीत अजून सांगतात. एकदा एका भुरक्यात त्यांनी सांगितलं की ही पेटी गोदामात असताना तिच्यावर मांजर झोपलं होतं, आणि ते गाभण होतं. दोन पिल्लं होतील, असंही वर सांगून टाकलं. पंधरा दिवसांनी गोदामातून पत्र आलं की मांजर व्यालं, पण पिल्लं तीन झाली. जज्जसाहेबांनी उलटटपाली कळवलं की तिसरं अशक्त असणार, त्याची चव उतरली नाही. चौकशी केली तर तिसरं खरंच अशक्त निघालं. आता यात खरं किती आणि पाणी किती, हे विचारू नये. गोष्ट पाण्याचीच आहे.

निवृत्त झाल्यावर चार महिन्यांपूर्वी साहेब आणि त्यांची बायको मुला-सुनेबरोबर नव्या घरात राहायला आले. चौथा मजला, उजेड भरपूर, दारं सरळ लागणारी. खोड एकच, पाण्याची. पाणी खोल बोअरचं, आणि पेल्यात घेतलं की ते प्यायचं की त्याची समजूत काढायची, असा प्रश्न पडावा. साहेबांची बायको म्हणायची, या पाण्याला घशाखाली उतरायला जिना लागतो. त्यात डॉक्टरांनी तिच्या मूत्रपिंडात खडा दाखवला. ज्वारीच्या दाण्याएवढा, पण होता. दिवसाला बारा पेले पाणी प्या, तो आपणहून वाहून जाईल. नाही प्यायलात तर तो मोठा होईल आणि मग आम्हाला आत शिरून काढावा लागेल. बाई मान डोलावून घरी आली आणि चार पेल्यांवर अडली. त्यातला चौथासुद्धा खिडकीतल्या कुंडीला जात होता. झाड आडवंतिडवं वाढलं, खडा तिथंच राहिला.

तेव्हा घरात फिल्टर घ्यायचा असं ठरलं, आणि कुठला घ्यायचा ते कोण सांगणार यावर चर्चासुद्धा झाली नाही. घरात एवढी नावाजलेली जीभ असताना बाहेर कुणाला विचारायचं? मुलगा कामासाठी परगावी होता, त्यानं फोनवर सांगितलं, बाबा म्हणतील ते. सून म्हणाली, बाबा म्हणतील ते. बायको साहेबांच्या चहाचा कप विसळायला घेऊन गेली.

इथे एक भानगड होती, आणि ती फक्त जज्जसाहेबांना ठाऊक होती. सहा महिन्यांपूर्वी त्यांना सर्दी झाली होती. सर्दी आठ दिवसांनी गेली, पण जाताना पाहुण्यानं टॉवेल न्यावा तशी वास आणि चव दोन्ही घेऊन गेली. सकाळचा चहा म्हणजे गरम ओलं काहीतरी. साहेबांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार काय? सुताराला रंधा नसला तर दुसरा मागून आणता येतो. ते मनाशी म्हणत, येईल परत. तोवर कुणी काही चाखायला दिलं की ते समोरच्याचा चेहरा न्याहाळत, डोळे मिटत आणि म्हणत, "अंग आहे, पण शेवटी जरा बसतंय." हे वाक्य चहापासून सरबतापर्यंत कशालाही चालतं.

शनिवारी सकाळी फिल्टरवाली आली. खांद्याला हत्यारांची पिशवी, केसांना पेन्सिल, आणि मागोमाग तीन खोकी. तीन जातींची तीन यंत्रं होती. स्वयंपाकघरात जोडून देते, पाणी पिऊन बघा, आवडेल ते ठेवा, बाकीची मी घेऊन जाते, म्हणाली. सुनेनं पाण्याची तपासणी आधीच करून आणली होती. अहवालात घातक काही नव्हतं, क्षार मात्र रग्गड होते आणि थोडे जंतू. जंतूंना तिन्ही यंत्रांतला अतिनील किरणांचा दिवा मारेल, चवीचं तुम्ही बघा, असं फिल्टरवालीनं सांगितलं आणि ओट्याखालच्या कपाटात डोकं घातलं.

जज्जसाहेबांनी नियम घातला. चाखणाऱ्याला नाव दिसता कामा नये. ते बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसणार, बायकोनं तीन पेले भरून आणायचे, सुनेनं निकाल वहीत लिहायचा. कंपनीनं निरोपाला दिलेली पितळी पिकदाणी डाव्या हाताला मांडली. निकाल चुकला तर पंचाईत त्यांच्या अब्रूची नव्हती फक्त. चुकीचं यंत्र भिंतीवर कायमचं ठोकलं जाणार, बायको चार पेल्यांवरच राहणार आणि तो ज्वारीचा दाणा मक्याचा होणार.

बायकोनं पेले आणले. साहेबांनी पहिला भुरका मारला, घोळवला, थुंकले. ओलं. दुसरा. ओलं. तिसरा. तेही ओलंच. त्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथं रविवारच्या दुकानासारखं सगळं बंद. मग घसा साफ करून त्यांनी निकाल दिला. पहिल्यात धातू मागे राहतो. दुसरं हलकं आहे पण पोकळ. तिसऱ्याला अंग आहे आणि शेवट गोड. तिसरं घ्या.

सुनेनं अक्षर न् अक्षर लिहून घेतलं. याच वेळी फिल्टरवाली हात पुसत बाहेर आली होती आणि एक प्रतिष्ठित गृहस्थ तिच्या पाण्याच्या चुळा पितळी भांड्यात टाकताना पाहून दारातच थबकली होती. सुनेनं तिला समजावलं की आमच्याकडे अशीच पद्धत आहे, नवीन वस्तू घरात आली की सगळे आधी भुरका मारून थुंकतात, मीही लग्नानंतर शिकले. मग ती तिला गच्चीवरची टाकी दाखवायला घेऊन गेली.

"जरा आत या," बायको म्हणाली. "वरचा डबा काढून द्या."

स्वयंपाकघरात वरचा डबा खालीच होता. तिन्ही यंत्रांच्या नळ्यांतून पहिलं पाणी मोरीत वाहून जात होतं. ते टाकून द्यायचं असतं.

"तिन्ही पेले मी बोअरच्या नळाखाली भरले," बायको म्हणाली. "त्या मुलीचं डोकं कपाटात होतं तेव्हा."

जज्जसाहेबांनी एका नळीखाली बोट धरलं आणि काढून घेतलं.

"दोन महिने तुमच्या चहात साखर नाही. मंगळवारी मीठ घातलं होतं. तुम्ही म्हणालात, आज चहाला अंग आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. मी खडा लपवला का तुमच्यापासून?"

साहेबांनी उगाच एक चमचा उचलला आणि जागच्या जागी ठेवला. म्हणाले, सगळे माझ्याकडे बघतात गं. जीभ गेली तर मग मी नुसताच एक म्हातारा, भुरके मारणारा.

"भुरके तर मीही मारते," ती म्हणाली. "चाळीस वर्षं तुमच्याशेजारी बसून मारलेत. घरात दुसरी जीभ आहे हे कधी आलं का तुमच्या ध्यानात?"

नव्हतं आलं. सत्तर कपांतला एकोणसत्तरावा ओळखणाऱ्या माणसाला शेजारची खुर्ची ओळखता आली नव्हती. मोठ्या माणसांच्या चुकाही अशा ऐसपैस असतात.

सून आणि फिल्टरवाली गच्चीवरून उतरल्या तेव्हा टेबलाची मांडणी बदलली होती. चाखायच्या खुर्चीत बायको, समोर जज्जसाहेब. सुनेनं विचारलं, बाबा, तुम्ही नाही का? साहेबांनी क्षणभर त्या नेहमीच्या वाक्याची आठवण केली, मग ते सोडून दिलं.

"माझी जीभ सहा महिने रजेवर आहे," ते म्हणाले. "अर्ज न देता गेली. मघाचं पान फाडून टाक."

सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि पान फाडलं. ती शहाणी होती, तिनं त्याचे तुकडेही केले.

या खेपेला पेले खरोखरच यंत्रांतून भरले. बायकोनं पहिला भुरका मारला, थुंकली आणि म्हणाली, नळाचा वास गेलाय, खारटपणा बूड टेकून बसलाय. दुसऱ्याचा मारला, थुंकली. हे पाणी कुणाच्या नात्यातलं वाटत नाही, पेला विसळून उरल्यासारखं आहे. तिसऱ्यावर ती जरा थांबली. साहेब टेबलावर पुढे झुकले. ती थुंकली.

"हे बरं आहे," ती म्हणाली. "पण."

चाळीस वर्षांच्या संसारात साहेब त्या 'पण'ला पुरते ओळखून होते. त्या 'पण'नं साड्या परत गेल्या होत्या, एक स्थळ परत गेलं होतं. त्यांनी फिल्टरवालीला विचारलं, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात फरक काय? तिनं केसांतली पेन्सिल काढून दाखवलं. दुसरं यंत्र क्षार जवळपास सगळेच काढून टाकतं. तिसरंही काढतं, पण त्याच्या पोटाखाली एक छोटा स्क्रू आहे. तो सोडला की थोडं मूळचं पाणी गाळून परत मिसळतं, म्हणजे चव येते. कंपनी जेमतेम सोडून देते, पुढे कुणी हात लावत नाही.

"मिसळतं?" साहेब म्हणाले.

ते उठून उभे राहिले. लोकांना वाटतं चाखणारा नुसता चाखतो. अहो, चाखणं हे निम्मं काम. या मळ्याचा कडकपणा, त्या मळ्याचा रंग, तिसऱ्याचा वास, असं मोजून मापून मिसळायचं आणि दरवर्षी तोच चहा पाडायचा, ही खरी विद्या. ती जिभेत नसते, डोक्यात आणि हातात असते, आणि सर्दीला ती नेता आली नव्हती. त्यांनी फिल्टरवालीला विचारून घेतलं की स्क्रू किती सोडला तर चालेल. तिच्याकडे क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र होतं. नळाच्या पाण्याचा आकडा साडेसहाशेच्या घरात होता, तिसऱ्याचा सत्तर. तीनशेच्या आत ठेवा म्हणजे माझी ना नाही, ती म्हणाली, आणि मिसळलेलं सगळं पाणी दिव्याखालूनच जातं, त्याची काळजी नको.

मग त्या स्वयंपाकघरात अशी चाखणी झाली की कंपनीत कधी झाली नसेल. स्क्रूला पाव वेढा, पेला, आकडा. सौम्य आधी, कडक नंतर, कारण उलटं केलं तर जीभ फसते. प्रत्येक घोटामागे कोमट पाण्याची चूळ आणि शंभर आकडे मोजून विश्रांती. सून वहीत लिहीत होती. फिल्टरवाली नुसती बघायला म्हणून थांबली होती, तिसऱ्या फेरीला तिनंही एक भुरका मारून बघितला आणि पाचव्या फेरीला ती असं मोठ्यानं थुंकली की पितळ घुमलं. बायको एकेक शेरा देत होती. अजून अनोळखी. आता तोंडओळख झाली. आता बरं, पण.

साहेब 'पण' ऐकत आणि पाव वेढा देत. एकदा जास्त झालं, ती म्हणाली खारट डोकावलं. त्यांनी अर्धा पाव मागे घेतला.

सातवा पेला. आकडा एकशे नव्वद. बायकोनं भुरका मारला. सुनेनं सवयीनं पिकदाणी पुढे धरली. सगळे वाट बघत होते. बायको काहीतरी आठवत असल्यासारखी खिडकीबाहेर बघत होती, आणि मग तिच्या गळ्याची हालचाल झाली. तिनं पेला पुन्हा तोंडाला लावला. अर्धा झाला. संपला.

"थुंकायचं राहिलं," ती म्हणाली, आणि पेला पुढे केला. "आणखी आहे?"

फिल्टरवालीनं तिसरं यंत्र भिंतीवर ठोकलं. स्क्रूवर साहेबांनी नखरंगाचा लाल ठिपका दिला, कुणी चुकून फिरवला तर जागा कळावी म्हणून. बारा पेले मोजून प्यायला लावावे लागले नाहीत. काही दिवस ते चौदाही होत. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी पडद्यावर खडा शोधला, मशीन इकडून फिरवलं, तिकडून फिरवलं, पण तो घर सोडून गेला होता. पाण्याची कीर्ती मात्र वाढली. दुसऱ्या मजल्यावरची माणसं लिफ्टला उशीर होतो या सबबीवर चौथ्या मजल्यावर येऊन पेलाभर पिऊन जाऊ लागली, आणि तळमजल्याच्या एका गृहस्थांनी तर म्हणे आपली पाहुण्यांची बैठकच जिन्यात हलवली. खिडकीतलं झाड तेवढं हिरमुसलं, त्याचा चौथा पेला बंद झाला होता ना.

एके सकाळी जज्जसाहेब पाणी पीत होते. भुरका मारता मारता ते थांबले. डोळे मिटले. जिभेच्या टोकाशी काहीतरी अगदी पुसट हललं होतं, की हललं असं वाटलं होतं, कोण जाणे. पण त्यांचा चेहरा जुन्या दिवसांसारखा झाला.

"आज टाकीवर कबुतरं बसली होती," ते म्हणाले. "दोन."

बायकोनं त्यांच्या हातातला पेला घेतला, एक भुरका मारला आणि पेला परत दिला.

"तीन," ती म्हणाली. "तिसरं अशक्त होतं."