उतरवायची राहिलेली चावी

"हात नोको लावू त्याले! सोड तो दांडा!"

नत्थुजी ओरडले तशी रूपालीने चटकन हात मागे घेतला. या घरात सून होऊन अकरा वर्षं झाली, पण सासऱ्याचा एवढा चढा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. सामान बांधायच्या आधी ग्रामोफोन एकदा वाजवावा, म्हाताऱ्याला बरं वाटेल, एवढाच तिचा हेतू. म्हणून पेटीच्या बाजूच्या भोकात तिने चावीचा दांडा घातला होता. एक फेरा द्यायच्या आतच हे.

"मामाजी, मी त तुमच्यासाठीच..."

"भरेल आहे ते. पुरी. आणखी एक फेरा देशील त स्प्रिंग तुटन." आवाज एकदम खाली आला. "तुह्या सासूनं भरली आहे."

सासूला जाऊन नऊ महिने झाले होते.

घर जवळजवळ रिकामं झालं होतं. मुलगा मनोज अकोल्याच्या एका दालमिलमध्ये नोकरीला. बापाला अचलपुरात एकट्याला ठेवायचं नाही असं त्याने ठरवलं, आणि महिनाभर भांडून नत्थुजींनी शेवटी मान डोलावली. भांडी गेली, पलंग गेला. ही पेटी तेवढी उरली होती. बाहेर मनोज टेम्पोवाल्याशी दोरीवरून हुज्जत घालत होता.

नत्थुजी एसटीच्या डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होते. अमरावतीच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी ही पेटी आणली तेव्हा तिची स्प्रिंग तुटलेली होती. बसच्या स्प्रिंगचे पाटे बसवणाऱ्या हातांनी त्यांनी दुसरी बसवली, ग्रीस भरलं, आणि घरात कायदे सुरू झाले. चावी देताना डाव्या हाताने पेटी घट्ट धरायची. अंगठा दांड्याभोवती घालायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण दांडा उलटा फिरला तर अंगठा मोडतो. झटके द्यायचे नाहीत. जड लागलं की थांबायचं. दर वेळी नवी सुई. आणि वाजवून झालं की उरलेली चावी उतरवूनच झाकण लावायचं, स्प्रिंग भरलेली ठेवायची नाही. जन्मभर स्वतःची चप्पल जागेवर न ठेवणारा माणूस या बाबतीत मात्र जमादार होता.

पुढे डेपोत त्यांचा उजवा खांदा दुखावला तो कायमचाच, आणि चावी द्यायचं काम बायकोकडे, मनकर्णाबाईंकडे आलं. फुलांच्या मळ्यात विहिरीचा दोर ओढलेले हात त्यांचे. रविवारी सकाळी हार-फुलं बाजारात पोचवून आल्या की त्या पेटीपुढे बसायच्या. त्या चावी द्यायच्या आणि नत्थुजी मोजायचे. पंचावन्न फेरे.

"मोजता कायले? मले हाताले समजते," त्या म्हणायच्या. "तुमचं लगन या पेटीसंगच लावाले पायजे होतं."

रेकॉर्ड ठरलेली. तिच्यावरचा कागद झिजून गेलेला, त्यामुळे कोण बाई गाते ते दोघांनाही कधी कळलं नाही.

त्या रविवारी पंचावन्न झाले, मनकर्णाबाईंनी दांडा काढून ठेवला, "थांबा, दूध पायून येते," म्हणाल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच खाली बसल्या. अमरावतीला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरवीनंतर नत्थुजींनी पेटी उघडली. पंचावन्न फेऱ्यांची चावी आत तशीच होती. ती उतरवायला त्यांनी ब्रेकवर बोट ठेवलं आणि परत उचललं. तिच्या हातचं लोणचं संपत आलं होतं, पापड संपले होते. तिच्या हाताचा जोर तेवढा या पेटीत होता. तो सोडून दिला तर घरात तिचं काय राहणार? मग स्वतःचाच कायदा मोडून त्यांनी तो जोर आत धरून ठेवला. रोज सकाळी झाकण उघडून बघायचे आणि पुन्हा लावायचे.

मनोज आत आला. "बाबा, झालं का? टेम्पोवाला बोंबलून राहिला. ठेवू का पेटी टेम्पोत मांगं?"

"भरेल पेटी गाडीत नेता येत नाही. रस्ता कसा आहे, पायला ना? खड्ड्यात स्प्रिंग तुटली त आतलं सारं फाडून टाकन."

"मंग उतरवा ना चावी. काहून अडून बसले?"

रूपालीने नवऱ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. "तुमी बाहेर जा. त्याले चहा पाजा."

तो गेल्यावर ती सासऱ्याजवळ बसली. "मामाजी, शेजारी पुंजाजीकडे ठेवून देऊ का? जशी आहे तशी?"

नत्थुजींनी पेटीवरून हात फिरवला. मग मान हलवली. "नोको. तिनं गाण्यासाठी भरली होती. गाणंच होऊ दे."

त्यांनी नवी सुई बसवली. रेकॉर्ड धोतराच्या सोग्याने पुसून तबकडीवर ठेवली आणि ब्रेक सोडला. तबकडी क्षणभर अडली, मग फिरू लागली. खरखर झाली आणि ती बाई गाऊ लागली. नत्थुजींनी डोळे मिटले. तेवढ्या चावीत एरवी सबंध गाणं होऊन वर थोडी उरायची.

गाणं निम्म्यावर आलं आणि आवाज जड झाला. बाईचा पुरुषी झाला, लांबत गेला आणि एका शब्दाच्या मधोमध थांबला.

"बिघडलं काय?" रूपालीने घाबरून विचारलं.

"नाही. भरून ठेवलं का पोलाद थकते." नत्थुजी म्हणाले. "मले मालूम होतं. साऱ्याईले मीच सांगो. तेरवीलेच वाजवलं असतं त पुरं झालं असतं गाणं, तिच्या हातचं. मीच खाल्लं अर्धं."

तेरवीला न रडलेला माणूस सुनेसमोर हमसून हमसून रडला. तिने त्यांना रडू दिलं.

थोड्या वेळाने तिने दांड्याकडे हात नेला. "मी देऊ का चावी? बाकीचं आयकू."

"अकोल्याले शिकवीन तुले. आज नोको."

त्यांनी सुई उचलली, रेकॉर्ड काढून कागदात घातली. मग एका बोटाने तबकडी हळूच ढकलून पाहिली. ती अर्धा फेरा फिरली आणि थांबली; आत जोर उरला नव्हता. नत्थुजींनी झाकण लावलं, दोन्ही कड्या अडकवल्या आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "मनोज, उचल रे. नेता येते आता."