कोल्ह्याचा कौल

गिरधर मास्तर पाटीच्या तुकड्याने मातीच्या कोल्ह्याचं नाक खरवडत होता. शेंदूर तेलात इतका मुरला होता की निघायचं सोडून पसरतच होता आणि त्याच्या नखांखाली जाऊन बसत होता. मुंग्यांची रांग मूर्तीच्या कानावरून खाली उतरून पायाशी गेली होती. तिथे तीन दिवसांची नारळाची भकलं पडली होती, पाणी आंबलं होतं, गूळ पाघळून त्याचं चिकट थारोळं झालं होतं आणि त्या सगळ्यावर माश्यांची जत्रा भरली होती. गिरधरला शिसारी आली. तो तोंड फिरवून दोनदा थुंकला, डाव्या मोडक्या काडीला दोरा गुंडाळलेला चष्मा मनगटाने वर सारला आणि पुन्हा कामाला लागला.

"राहू दे रे गिरधर," मागून हेडमास्तर हिलालनाना म्हणाले. त्यांच्या हातात अर्धा नारळ होता. "आता खरवडशील, दुपारी बाया पुन्हा फासतील. उगाच कशाला हात बरबटवून घेतोस?"

"नाना, ही शाळा आहे."

"मग मी काय गुरांचा बाजार म्हटलं? गावाचं शाळेकडे लक्ष तरी गेलं. सात वर्षांत पाटील या आवारात फिरकला नव्हता, परवा जोडीनं येऊन गेला." नानांनी खोबऱ्याचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "गोड आहे. घे."

गिरधरने घेतला नाही. नानांचं ते मचमच चावणं ऐकू येऊ नये म्हणून तो पाटी आणखी जोरात घासू लागला.

खरं तर या घाणीचं मूळ तोच होता, आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं. देवपूरला मास्तरकीचं शिक्षण घेताना त्याच्या मनावर ठसलं होतं की मुलांना इतिहास हातांनी शिकवावा. शिंदखेडा तालुक्यातल्या या गावी नेमणूक झाली, सातवीला जगाचा इतिहास घेतला आणि सनावळ्या ऐकता ऐकता पोरं पेंगायला लागली, तेव्हा त्याने सरळ पुस्तक मिटलं. सगळ्यांना घेऊन तो शाळेमागच्या अंगणात गेला. मुलांनी कुदळीने नाईल नदी खणली. विहिरीच्या बादल्या ओतून तिला पूर आणला, गाळात गहू पेरला, तो तरारून उगवला. कच्च्या विटांचा पिरॅमिड झाला. राहिलं देऊळ. कौतिक कुंभाराची धुरपदा, वर्गात दोनच मुली त्यातली एक, तिने पुस्तकातलं अंगठ्याएवढं चित्र पाहून हातभर उंचीचा कोल्ह्याच्या तोंडाचा देव घडवला आणि बापाच्या भट्टीत भाजून आणला. मेलेल्यांची राखण करणारा मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, देव. गिरधर त्या दिवशी हरखून गेला होता.

आठ दिवसांनी एका म्हातारीची हरवलेली म्हैस शाळेमागेच चरताना सापडली. म्हातारीला कुंपणातून मूर्तीचं तोंड दिसलं आणि तिने हात जोडले. हे तर खंडेरायाचं कुत्रं! संध्याकाळपर्यंत शेंदूर लागला, दुसऱ्या दिवशी नारळ फुटला. गिरधर स्वतः चावडीवर जाऊन सांगून आला की हा कोल्हा आहे, परदेशातला आहे, चार हजार वर्षांपूर्वीचा आहे, आणि तो मेलेल्यांचा देव आहे.

"कोल्हा काय नि कुत्रा काय," म्हातारी म्हणाली होती, "देव तं शे ना?"

त्या दिवसापासून त्याला गावाचाच वीट आला होता. ज्या अंगणात पोरांनी गुडघाभर चिखलात उतरून एक देश उभा केला, तिथे आता बोटभर तेल साचत होतं. नाईल नदीत नारळाच्या शेंड्या तरंगत होत्या. गहू तर बायांनी प्रसाद म्हणून उपटून नेला होता. आज त्याने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. मधल्या सुट्टीच्या आत कुदळ घालायची आणि हे थोतांड मोडून काढायचं. कुदळ त्याने भिंतीला टेकवून ठेवली होती.

तो ती उचलणार तोच कुंपणाचं फाटक उघडलं आणि बेबाबाई आत आली. कौतिक कुंभाराची बायको, धुरपदाची आई. तिच्या खांद्यावर गोधडीत गुंडाळलेला तीन वर्षांचा निंबा होता. मागे धुरपदा, हातात ज्वारीच्या दाण्यांचं ताट आणि पाण्याचा तांब्या घेऊन. ती आज वर्गात नव्हती हे गिरधरच्या आता लक्षात आलं.

"बाजूले व्हा गुरुजी," बेबाबाई म्हणाली. "पोऱ्याले देवपुढे ठेवनं शे."

गिरधर बाजूला झाला नाही, कारण त्याला पोराचा श्वास ऐकू आला. घशात काहीतरी अडकल्यासारखी घरघर होत होती. मान दोन्ही बाजूंनी सुजली होती. त्याने पुढे होऊन निंबाचा जबडा उघडला. सडक्या, गोडसर वासाचा भपकारा आला आणि आत घशाला करडी साय धरलेली दिसली. देवपूरला शेजारच्या घरातलं पोर त्याने असंच पाहिलं होतं. ते दोन दिवसांत गेलं.

"अक्का, हा घटसर्प आहे. याला धुळ्याला मोठ्या दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता. अकराची मोटर फाट्यावर मिळेल."

"नही."

"अहो, पोर जाईल!"

"मना मोठा पोऱ्या तठेच गया," बेबाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "सुई टोची अन गया. याले तठे नही नेवानं. पाच दिन देवपुढे ठेवसू. देव राखी याले."

"कौतिकभाऊ कुठे आहेत?"

"दोंडाईचाना बजारमा. सकाय येतीन."

सकाळपर्यंत हे पोर राहत नाही, हे तिला कसं सांगावं ते गिरधरला कळेना. त्याने नानांकडे पाहिलं. नाना खोबरं चावत भिंतीशी उभे होते.

"श्रद्धेच्या वाटेला जाऊ नकोस, गिरधर," ते म्हणाले. "उद्या काही बरंवाईट झालं तर गाव तुझ्या दारात येईल."

गिरधरचं डोकं भडकलं. "अक्का, हा देव तुमच्या पोरीनं केलाय! गावच्या नाल्याची माती आहे ती! विचारा तिला!"

धुरपदाने मान खाली घातली. "मीच करेल शे, माय."

"हात तुना," बेबाबाई म्हणाली, "पन करनारा तो." आणि तिने निंबाला मूर्तीपुढच्या त्या चिकट, माश्यांनी भरलेल्या दगडावर निजवलं. पोराच्या गालाला गूळ लागला. एक माशी त्याच्या ओठावर बसली, ती हाकलायचंही त्राण त्याच्यात नव्हतं.

गिरधरला त्या बाईचा, नानांच्या खोबऱ्याचा, त्या शेंदराचा इतकी किळस आली की त्याला वाटलं, चालू लागावं. कुणाचं काय व्हायचं ते होवो. पण पोराची घरघर कानांतून जाईना.

"ठीक आहे," तो म्हणाला. "देवालाच विचारू. कौल लावू."

नाना चावायचे थांबले.

गावात कुणी जमीन घ्यायला निघालं, सोयरीक जुळवायला निघालं, तर आधी कौल लावायचा. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना पाण्याने भिजवलेला ज्वारीचा एकेक दाणा चिकटवायचा आणि हात जोडून बसायचं. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. त्यापुढे कुणी वाद घालत नसे.

बेबाबाईने पोराच्या ओठावरची माशी हाकलली. "देव हो म्हने तं लई जासू," ती म्हणाली. "पन तुमी लावा. तुमी भनेल मानूस शेतस."

गिरधर मूर्तीपुढे बसला. धुरपदाने ताट पुढे केलं. त्याने दोन दाणे उचलले. उजवा तांब्यात जेमतेम बुडवून त्याने मूर्तीच्या उजव्या खांद्याला टेकवला. मग डाव्या हाताचं बोट पायाशी साचलेल्या गुळात खुपसलं. ते थारोळं कोमट होतं, त्यात मेलेल्या मुंग्या होत्या. त्या बोटाने त्याने दुसरा दाणा डाव्या खांद्यावर दाबून बसवला.

मान वळवली तेव्हा धुरपदा त्याच्या बोटाकडेच पाहत होती. तिने ताट थोडं तिरपं करून आई आणि त्याचा हात यांच्यामध्ये धरलं.

"देवा," गिरधर मोठ्याने म्हणाला, "निंबाला धुळ्याला न्यायचं असेल तर उजवा दे."

स्वतःचा आवाज ऐकून त्याला चमत्कारिक वाटलं. तो अडखळला नव्हता, की लाजला नव्हता. वर्षानुवर्षं हेच करत आल्यासारखा तो आवाज सहज निघाला होता.

उजवा दाणा घसरला, छातीवरून टपकन खाली आला. बेबाबाईने हंबरडा फोडला, मूर्तीचे पाय धरले, मग गिरधरचे धरले आणि पोराला उचलून ती फाट्याकडे पळत सुटली. गिरधर तिच्या मागोमाग धावला. अर्ध्या वाटेवर पोराला त्याने आपल्या खांद्यावर घेतलं.

मोटर मिळाली. धुळ्याला डॉक्टरने सुई दिली, सगळी रात्र पोराजवळ बसून काढली, आणि निंबा वाचला. पंधराव्या दिवशी तो आपल्या पायांनी गावात आला. डॉक्टरचं नाव कुणी विचारलं नाही. देव बोलला आणि मास्तरच्या हातून बोलला, एवढंच गावाला समजलं. कौतिकने अकरा नारळांचं तोरण बांधलं.

कुदळ परत कोठीत गेली. देव मोडायचा विषय गिरधरने पुन्हा काढला नाही. नानांनीही विचारलं नाही.

सकाळी दार उघडलं की ओट्यावर दोघीतिघी बसलेल्या असायच्या, पदरात ज्वारी बांधून. कुणाची म्हैस आटली होती, कुणाचा जावई नांदवत नव्हता. गिरधर खेकसायचा, दार आपटायचा. त्या बसून राहायच्या. एकीचे डोळे चिकट पिवळ्या पुवाने भरले होते आणि ती त्यात हळद भरत होती. तिला दोंडाईचाच्या डॉक्टरकडे पाठवण्यासाठी त्याने पुन्हा एकदा कौल लावला. फक्त एकदा, असं तो स्वतःला म्हणाला. पुढच्या महिन्यात एक बाप विचारायला आला की पोरीला पुढे शाळेत ठेवायची का. उजवा पडला. त्या वेळी गुळाचा खडा गिरधर खिशातून घेऊन गेला होता. पायाशी साचलेल्या त्या घाणीत बोट घालणं त्याला नकोसं वाटत होतं.

कामं मात्र चांगली होत होती. हेच त्याला सर्वांत ओंगळ वाटायचं. आपल्या हातून वाईट झालं असतं तर माणूस थांबला तरी असता. जेवताना घास तोंडापाशी नेला की बोटांना गुळाचा वास आहेसा वाटायचा आणि जेवण तसंच राहायचं.

सातवीचा मिसर कधीच संपला होता. वर्ग आता रोमला पोचला होता. एका सोमवारी हजेरीच्या आधी धुरपदा टेबलापाशी आली. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"गुरुजी, मिसरमा एक मानूस ऱ्हाई गयथा," ती म्हणाली. "काल भट्टीमा भाजीसन लई उनू."

तिने फडकं सोडलं. वीतभर उंचीचा मातीचा माणूस होता. मांडी घालून बसलेला, एक हात पुढे केलेला, दोन बोटांच्या चिमटीत काहीतरी बारीक धरलेलं. डोळ्यांना चष्मा होता. चष्म्याची डावी काडी मोडलेली आणि दोऱ्याने गुंडाळलेली, तो दोराही तिने बारीक कोरला होता.

गिरधरचा हात नकळत आपल्या कानामागे गेला. वर्गात कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरची पोरंही उभी राहून पाहत होती.

"हा कोण?" त्याने विचारलं.

"पुजारी. देऊळ शे, देव शे, पन पुजारी नव्हता." ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती, गणित तपासायला आणून देताना पाहायची तशीच. "बराबर शे ना, गुरुजी?"

मिसरचे पुजारी डोकं तुळतुळीत भादरायचे. चष्मा तर तेव्हा जगातच नव्हता. दोन्ही चुका दाखवता आल्या असत्या आणि तो इतिहासच ठरला असता.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

पुतळा त्याने तिला परत दिला नाही. स्वतः मागच्या अंगणात नेऊन कोल्ह्याच्या उजव्या हाताला ठेवला आणि येऊन हजेरी घ्यायला सुरुवात केली.