लांब दोरा

आजोबांनी दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं, सुई खिडकीकडे उंच धरली आणि श्वास रोखला. टोक नेढ्याजवळ गेलं, थरथरलं आणि बाजूने निघून गेलं. त्यांनी चष्मा काढून पाहिला, लावून पाहिला, कपाळावर चढवून पाहिला. एकदा तर दोरा आत गेला असं वाटून त्यांनी तो पलीकडून ओढलाही. चिमटीत काहीच आलं नाही.

कामाच्या खोलीचं दार त्यांनी आज लावून घेतलं होतं. बहुधा त्यामुळेच बाहेरून आवाज आला.

“आजोबा, सुई ओवून देऊ?”

“ओवली मघाशीच,” आजोबा म्हणाले आणि रिकामी सुई पुठ्ठ्याखाली सरकवली.

“मग दार का लावलंय?”

“खळीला वारा लागतो.”

इतक्या वर्षांत खळीला कधी वारा लागला नव्हता. नात क्षणभर दाराबाहेर थांबली, मग तिची पावलं स्वयंपाकघराकडे गेली.

आजोबा जुनी पुस्तकं बांधून देत. उसवलेले फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, पुन्हा शिवायचे, कण्याला खळ लावायची, नवा पुठ्ठा चढवायचा. सुया ओवण्याचं काम नात पहिलीत असल्यापासून तिच्याकडे होतं. दोरा मेणावरून ओढून द्यायचीही ती. प्रत्येक वेळी आजोबा म्हणत, “लांब घेऊ नकोस गं, लांब दोरा गुंततो,” आणि प्रत्येक वेळी ती वीतभर जास्तच घेई. पुठ्ठ्याच्या कातरणातून त्यांनी एकदा तिला भिंगरी करून दिली होती. ती घेऊन पोर घरभर धावली, उंबऱ्याला अडखळून पडली, आणि रडायच्या ऐवजी तिने विचारलं, “ही का फिरते?” आजोबांना सांगता आलं नाही. तेव्हापासून तिचं नाव भिंगरी पडलं. उत्तर मात्र तिने स्वतःच शोधायला घेतलं होतं, आणि आता तिला विमानांचं इंजिनिअरिंग शिकायचं होतं.

कुठे शिकायचं, हेही बरीच वर्षं ठरलेलंच होतं. तिच्या टेबलावरच्या भिंतीवर समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठाचा फोटो होता. तिथल्या विंड टनेलमध्ये, वारा सोडून विमानं तपासायच्या बोगद्यात, माणूस उभा राहू शकेल एवढी जागा होती, आणि फोटोत खरोखरच एक माणूस पंख्याच्या पात्याखाली हात पाठीमागे बांधून उभा होता. आई त्याला ‘बोगद्यातले काका’ म्हणे. “भिंगरे, उठ, बोगद्यातले काका कधीचे उभे आहेत,” असं म्हणून ती मुलीला सकाळी उठवायची.

पण गेल्या आठवड्यात जेवताना भिंगरीने, अर्ज कुठे कुठे करणार ते सांगितलं, आणि त्यात बोगद्यातले काका नव्हते.

“ते कुठे गेलं?” आईने विचारलं.

“काढलं.”

“का?”

“थंडी फार असते तिथे.”

“आणि ही बाकीची कॉलेजं?”

“चांगली आहेत. सगळीकडे रेल्वेने जाता येतं. वाटलं की घरी.” तिने पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पीत राहिली.

आईने आजोबांकडे पाहिलं. आई दवाखान्यात एक्स-रे काढायची. त्यामुळे माणसाच्या आत काय चाललंय ते आपल्याला दिसतं, असा तिचा समज होता. भिंगरी हात धुवायला उठताच ती पुढे झुकली.

“बाबा, ती तुमच्यासाठी थांबतेय.”

“माझ्यासाठी? मी काय दूधपितं पोर आहे?”

“दूध पिणारं नाही, उतू घालवणारं. मागच्या महिन्यात दोनदा.”

“ते दूधच पातळ होतं,” आजोबा म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, “ती तुझ्यासाठी थांबतेय. जावई गेल्यापासून तुझं जग म्हणजे ती. एवढी मोठी झाली तरी तिच्या डब्यावर तू चिठ्ठी चिकटवतेस.”

“चिठ्ठीवर ‘डबा धुऊन आण’ लिहिलेलं असतं. त्यात कसलं आलंय जग?”

पण तिचा आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता. दोघंही भात चिवडत बसले. जो तो आपापल्या ताटात आपलाच अपराध शोधत असल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी आईने पोहण्याच्या क्लासला नाव घातलं. आपल्याला एकटीला वेळ घालवता येतो हे दाखवायला तिला दुसरं काही सुचलं नाही. पाण्याची तिला लहानपणापासून धास्ती, पण रोज संध्याकाळी ती लाल डोळ्यांनी, ओल्या केसांनी घरी येऊन मोठ्याने सांगू लागली, “मजा येते बाई! आधी का नाही गेले कोण जाणे.”

आणि आजोबा दार लावून सुया ओवायला बसले.

त्यांना स्वतःला एक गोष्ट बोचत होती, ती ते कुणाला सांगू शकले नसते. भिंगरीने “काढलं” म्हटलं, त्या क्षणी त्यांना बरं वाटलं होतं. अगदी पहिल्यांदा, विचार करायच्या आधी, बरं वाटलं होतं. वाईट त्याच्या मागून आलं, उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखं. म्हातारपणी माणूस निदान चांगला तरी होत असेल, असं ते तरुणपणी धरून चालले होते.

अर्जाची मुदत संपायला दोन दिवस उरले, तेव्हा ते सुया-बटणांच्या दुकानात गेले. गल्ल्यामागच्या बाईंनी त्यांच्यापुढे नखाएवढा पत्र्याचा तुकडा ठेवला. त्याला केसासारख्या बारीक तारेचा फास होता.

“तार नेढ्यातून घालायची, फासात दोरा अडकवायचा, ओढायचं. डोळे मिटून जमतं.”

“बघू,” आजोबा म्हणाले आणि खरंच डोळे मिटून करून पाहिलं. तार बोटात घुसली.

“उघडे ठेवूनही चालतात हो,” बाई म्हणाल्या.

घरी येऊन ते टेबलाशी बसले. पहिली सुई ओवली गेली तेव्हा त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पण दाखवायला कुणी नव्हतं. मग दुसरी ओवली, तिसरी ओवली. संध्याकाळ होईपर्यंत घरातली सगळी सुया टोचायची गादी भरली. सुया एका ओळीत उभ्या, प्रत्येकीला दोरा. तारेचा फास त्यांनी खणात टाकला, दार सताड उघडलं आणि हाक मारली.

“भिंगरे, इकडे ये जरा.”

ती आली. तिने गादीकडे पाहिलं, मग आजोबांच्या बोटाला गुंडाळलेल्या चिंधीकडे.

“हे काय?”

“सुया. ओवलेल्या. मी.” त्यांनी घसा साफ केला. सकाळपासून मनात एक अख्खं भाषण जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आता जागेवर नव्हतं. “म्हणजे... माझं अडत नाही. आईचंही अडत नाही, ती पोहते. तेव्हा तू आपली त्या बोगद्यात जा.”

भिंगरी आधी हसली. मग स्टुलावर बसली आणि तिने तळहातांनी डोळे झाकले. आजोबांना वाटलं, आपण काहीतरी भलतंच बोललो.

“आजोबा, मी तुमच्यासाठी नाही थांबत आहे.”

“मग आईसाठी?”

“आईसाठीही नाही.” हात तसेच ठेवून ती म्हणाली, “मला विमानाची भीती वाटते.”

बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. आजोबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“कुठल्या विमानाची?”

“सगळ्या. आत बसायची. मागे स्पर्धेला गेले होते ना, जाताना विमानाने?”

“आणि येताना रेल्वेने आलीस. बाहेरचं बघायला मिळतं म्हणालीस.”

“बाहेरचं कसलं! सरांच्या हातापाया पडले मी, रेल्वेने सोडा म्हणून.” तिने हात खाली घेतले. “खिडकीतून पंख दिसत होता. तो वाकत होता. तो वाकायलाच हवा, नाही वाकला तर मोडेल. किती वाकेल तेही मला कागदावर काढून दाखवता येतं. पण त्या खुर्चीत बसले की कागद आठवत नाही, आजोबा. नुसतं वाकलेलं दिसतं. आणि मी विमानं बनवायला निघालेय. कुणाला सांगू मी हे? लोक हसतील.”

“हसतील,” आजोबा म्हणाले. खोटं बोलणं त्यांना आज एवढ्या सुयांनंतर जमलं नसतं. “हलवायाला साखरेची भीती. थोडं हसतीलच.”

तीही नाक पुसत हसली.

तेवढ्यात आई आली. खांद्यावर टॉवेल, केसांतून पाणी गळतंय.

“आज मी काठ सोडला! मास्तर म्हणाले...” तिने दोघांचे चेहरे पाहिले. “काय झालं?”

आजोबांनी सांगितलं. जमेल तसं, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत. आईने ऐकून घेतलं, टॉवेल खुर्चीवर टाकला आणि स्वतः टेबलाच्या कडेला टेकली.

“म्हणजे मी एवढं पाणी प्यायले ते...”

“कुणी सांगितलं होतं प्यायला?” भिंगरी म्हणाली.

“यांनी,” आईने आजोबांकडे बोट दाखवलं. मग तिने मुलीला जवळ घेतलं. भिंगरीचा सदरा खांद्यावर ओला झाला. आई तिच्या डोक्यावरून आजोबांकडे पाहत होती, आणि तिच्या नजरेत काय होतं ते आजोबांना नेमकं कळलं, कारण त्यांच्यातही तेच होतं. आठवडाभर दोघं ओझं समजून जे वाहत होते, ते कुणी तिसऱ्यानेच येऊन खाली उतरवून ठेवलं होतं; आणि हात आता कुठे ठेवावेत ते सुचत नव्हतं.

“पण मग आता कसं करायचं?” आई म्हणाली. “भीती काय अशी सांगून जाते?”

आजोबा गादीतली एक सुई विनाकारण उपसून पुन्हा टोचत होते.

“तो अर्ज,” ते चाचरत म्हणाले, “विमानात बसून करावा लागतो का?”

“कुठला?”

“विद्यापीठाचा.”

“नाही. इथेच. कॉम्प्युटरवर.”

“म्हणजे खुर्चीत बसून.”

“हो.”

“मग आज खुर्चीत बस. विमानाचं विमानाच्या वेळी बघू. ते लोक तुला घेतायत की नाही तेच अजून माहीत नाही. नाही घेतलं तर भीती फुकट जायची.”

आई फिसकन हसली. भिंगरी हसली नाही. ती आजोबांकडे टक लावून पाहत राहिली, एखादं गणित दिसतंय तेवढं सोपं असेल का, असं पाहावं तशी. मग उठली आणि तिच्या खोलीत गेली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आई ओल्या केसांनीच तिच्या मागे गेली. “ह्यात आईचं शिक्षण का विचारतात गं?” “विचारतात. लिही तू, वाचत बसू नकोस,” आई म्हणाली. कळांची टकटक बराच वेळ चालू होती. मध्ये एकदा ती थांबली, इतकी थांबली की आजोबा दारापर्यंत जाऊन परत आले. मग पुन्हा सुरू झाली.

“गेला!” शेवटी आईचाच आवाज आला.

आजोबांनी दिवा लावला. ग्रंथालयाचा एक जाडजूड शब्दकोश सुटून पडला होता, तो उद्या द्यायचा होता. त्यांनी पहिला फर्मा उचलून सारखा केला. समोर गादीत सुयांची रांग उभी होती. त्यातली एक त्यांनी काढून घेतली, दिव्यापाशी धरली, दोऱ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग तो दोरा हलकेच ओढून नेढ्यातून काढून टाकला.

“भिंगरे,” त्यांनी हाक मारली, “जरा सुई ओवून दे गं.”

ती दारात आली. तिची नजर गादीवरून, तिथल्या रांगेवरून, आजोबांच्या हातातल्या रिकाम्या सुईवर आली. ती स्टूल ओढून बसली, मेणाचा गोळा जवळ घेतला, रिळावरचा दोरा सोडायला लागली.

वीतभर सोडून तिचा हात थांबला.

“जास्त घेऊ?”

आजोबा फर्म्याची घडी नखाने दाबत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“घे,” ते म्हणाले. “घे लांब.”