गावरानाची चोच

विरजण उसनं मागायला कुणी लाजत नाही. वाटीभर दिलं तरी देणारणीचं काही कमी होत नाही.

हौशीरामच्या पोल्ट्रीवरच्या टाकीतलं पाणी पिवळसर दिसायचं.

तंबाखू मळायला अंगठा लागतो. बाकीच्या चार बोटांचं ते काम नव्हे.

सोनल कोंबड्यांच्या ढुंगणात कापूस फिरवते आणि त्याचे तिला कॉलेजात मार्क मिळतात.

खुराड्यातला कोंबडा वारूळवाडीत कुणाच्याच बापाला भीत नाही.

हे सगळं एकाच घरचं.

हौशीरामची पाच हजार बॉयलर पक्ष्यांची पोल्ट्री होती. पक्ष्यांना शिंक यायच्या आधीच तो टाकीत औषधाची पावडर ओतायचा. सांगितलेल्या मापाने एकदा, आणि स्वतःच्या समाधानासाठी आणखी एकदा. त्याचा घसा धरला की चिमूटभर चहातही. "पाच हजारांना चालतंय, मग मी काय वरनं पडलोय?" असं तो बायकोला, उज्ज्वलाला सुनवायचा.

पण ते पक्षी विकायचे. घरच्या ताटासाठी अंगणात खुराडं होतं, त्यात दहाबारा गावरान कोंबड्या आणि तो कोंबडा. त्यांना औषधाचा थेंब नाही. "सोवळ्यातल्या हायेत माझ्या," असं तो पावण्यांना सांगायचा, आणि पावणे रस्सा भुरकत माना डोलवायचे.

सोनल त्याची पुतणी, जनावरांच्या डॉक्टरकीला. कोंबड्यांच्या पोटातले जंतू औषधांना किती दाद देतात, हे तिला तपासायचं होतं. पोल्ट्रीतले नमुने घेऊन झाले आणि ती खुराड्याकडे वळली.

"ए बाई, तिकडं कशाला? तिथं काय गावणार हाय तुला?"

"काहीच गावलं नाही तर चांगलंच की, काका. तुम्ही कोंबडा धरा फक्त."

हौशीरामने धरला. कोंबड्याला कापसाचा बेत पसंत पडला नाही. त्याने मान वळवून हौशीरामच्या उजव्या अंगठ्यात चोच रुतवली.

"काका, दवाखान्यात जा."

"गावरानाची चोच हाय ती! बॉयलर थोडाच चावलाय?"

त्याने हळद दाबली. वर खात्रीला म्हणून पोल्ट्रीची पावडर. अंगठ्याचं आधी वांगं झालं, मग भरलं वांगं. नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, मग दुसऱ्या गोळ्या, मग इंजेक्शन. अंगठ्याने कुणाचंच मनावर घेतलं नाही. शेवटी पू तपासायला गेला.

"काका, तुमचे जंतू एका बशीत वाढवले," डॉक्टरीणबाई मोबाइलवरचा फोटो दाखवत म्हणाल्या. "मध्ये औषधांच्या चकत्या ठेवल्या. औषध लागू पडलं तर जंतू मागं सरतात."

जंतू चकत्यांना खेटून बसले होते, लग्नात पत्रावळीला बसावेत तसे. एका चकतीभोवती तेवढी मोकळी जागा होती.

"हे एकच औषध उरलंय. ॲडमिट व्हा. नाहीतर अंगठा काढावा लागेल."

हौशीरामने अंगठा पोटाशी धरला. "आन् मग तंबाखू मळायची कशानं?"

"सुटंल," उज्ज्वला म्हणाली.

"अगं, माझा अंगठा चाललाय!"

"मग? इतकी वर्षं देवाला सांगत व्हते. त्यानं लई लांबनं वाट काढली, पर काढली."

तो सलाइन लावून पडला असताना सोनल आली. तिचं तोंड बघूनच तो म्हणाला, "बोल."

"औषध पचवायची युक्ती शिकवणारा जीन आहे, काका. पोल्ट्रीतल्या जंतूंत निघाला. खुराड्यातल्या जंतूंत पण तोच. तुमच्या पुवाचा नमुना मागून घेतला, त्यात पण."

"गावरानांना मी थेंब पाजला न्हाई! आईशप्पथ!"

"त्यांना नाही पाजलात. पण जंतू एकमेकांना देतात तो."

"भेटले कुठं एकमेकांना? जत्रंत?"

"उकिरड्यावर. पोल्ट्रीतली सगळी घाण तिथं पडते आणि तुमच्या सोवळ्यातल्या कोंबड्या दिवसभर तीच उकरतात."

तिथलं जंतूंचं बोलणं कुणी ऐकलं नाही, पण झालं असेल ते असं:

"वैनी, वाईच युक्ती देता का? औषध लई झोंबतं म्हनं."

"घ्या की. दिल्यानं कमी व्हतंय व्हय? आमच्याकडं रोज डबल माप पडतंय."

"जावंला पण नेऊ का?"

"न्या. सगळ्या आळीला वाटा."

शेवटचं औषध लागू पडलं. अंगठा राहिला, वरचं पेर गेलं. उरलेल्या थोटकाने हौशीराम तंबाखू मळतो, ती निम्मी धोतरावर सांडते, आणि उज्ज्वला झाडून घेते. टाकीतलं पाणी सध्या पाण्याच्या रंगाचं आहे. कोंबडा कापायचं त्याने घरी आल्या आल्या फर्मान काढलं होतं, पण खायला घरात कुणी तयार होईना, आणि पावण्यांना वाढायला उज्ज्वला तयार होईना. त्यामुळे कोंबडा अजून छाती काढून हिंडतो.

खुराडं उकिरड्याला लागून हौशीरामनेच बांधलं होतं, कोंबड्यांना किडे खायला लांब जावं लागू नये म्हणून.