कापलेली कड

सासरे प्लंबर, माझे वडील सुतार. लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी दोघांनी एकमेकांच्या कामाला कधी बरं म्हटलं नाही. सासऱ्यांचं आणि माझं तर पहिल्या दिवसापासून विळ्याभोपळ्याचं सख्य.

आमच्या ओट्यावरची जाड लाकडी फळी हे वडिलांचं शेवटचं काम. त्यानंतर त्यांचा उजवा हात लुळा पडला. सिंकसाठी त्या फळीला भोक पाडायचं होतं, तेही सासऱ्यांनीच. काल ते करवत घेऊन आले तेव्हा मी बजावलं, "कापलेल्या कडेला व्हार्निशचे दोन हात द्या. उघडं लाकूड पाणी पितं, फळी फुगेल."

"चाळीस वर्षं सिंक बसवतोय. आता सुताराची पोर मला शिकवणार?"

"आणि फुगली तर?"

"तर लाकूडच भिकार होतं म्हणायचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आज कामावरून आले, तर सिंक बसलेलंसुद्धा. सासरे काठाभोवती सिलिकॉन भरत होते. घरभर त्याचा आंबट वास. ओल्या बोटाने त्यांनी ते सारखं केलं. "नळ-पाइप उद्या जोडतो. तोवर कुणी हात लावायचा नाही," म्हणाले आणि आंघोळीला गेले. व्हार्निशबद्दल चकार शब्द नाही.

मी खालच्या क्लिपा सैल केल्या आणि सिंक उचकटून काढलं. ओलं सिलिकॉन फळीभर पसरलं, मी कोपरापर्यंत बरबटले. म्हटलं बरं झालं, आता ती कोरडी कड सगळ्या घराला दाखवते.

कड चकचकत होती. दोन नाही, तीन हात दिलेले. आणि काठाखाली झाकल्या जाणाऱ्या जागेत पेन्सिलीचा छोटा उलटा त्रिकोण होता. सिंकची जागा आखून देताना वडिलांनी केलेली त्यांची खूण. ती खोडली नव्हती. व्हार्निश तिच्यावरूनही जपून फिरवलं होतं.

सासरे ओल्या केसांनी दारात उभे होते.

"सांगितलं का नाही?" माझा आवाज चिरकला.

"तू विचारलंस कधी? तू हुकूम सोडलास."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या लाजेचाही राग मला त्यांच्यावरच आला.

त्यांनी प्लास्टिकची पट्टी माझ्यापुढे टाकली. "खरवड. जुनं जरा जरी राहिलं तर नवीन धरणार नाही."

तासभर मी खरवडत होते. ते स्टुलावर बसून चुका दाखवत होते. फडक्याला हात लावतील तर शपथ. शेवटी उठून त्यांनी सिंक जागेवर ठेवलं आणि सिलिकॉनची बंदूक माझ्या हातात दिली.

"मी?"

"माझ्यावर विश्वास नाही ना? मग भर तूच. आणि पाणी मुरलं, तर तुझ्या बापालाही तूच जाऊन सांग."